हुतात्मा अनंत कान्हेरे : एका पिस्तुलाची निवड आणि तिची किंमत

भारतीय स्वातंत्र्यलढ्याच्या सशस्त्र पर्वात ज्या कोवळ्या वयाच्या तरुणांनी आपले आयुष्य हसतमुखाने पणाला लावले, त्यांत अनंत लक्ष्मण कान्हेरे यांचे नाव अग्रभागी आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांच्यावर त्यांनी गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या कारागृहात त्यांना फाशी देण्यात आली. या दोन तारखांमध्ये अवघे चार महिन्यांचे अंतर आहे. मात्र कान्हेरे यांच्या हाती जे शस्त्र आले, त्याची कथा नाशिकच्या बाहेर, थेट लंडन-पॅरिसपर्यंत जाते. ते शस्त्र रिव्हॉल्व्हर नव्हते, तर त्या काळी नव्यानेच प्रचारात आलेले ब्राउनिंग बनावटीचे अर्धस्वयंचलित पिस्तूल होते. या निवडीने नाशिकची घटना घडवली आणि पुढे अनेकांची आयुष्येही बदलून टाकली.

अनंत कान्हेरे यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्याचे. घरची स्थिती बेताची असल्याने शिक्षणासाठी त्यांना घर सोडावे लागले आणि इंग्रजी शिक्षणासाठी ते औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, आले. हे शहर तेव्हा निजामाच्या संस्थानात होते. ब्रिटिश पोलिसांची थेट नजर तेथे तितकीशी नव्हती. त्यामुळे नाशिकच्या गुप्त मंडळाशी संबंध ठेवणाऱ्या तरुणांना तेथे एकत्र येण्यास वाव मिळे. याच वातावरणात कान्हेरे यांची वृत्ती घडली. चित्रकला, वाचन आणि मित्रांचा सहवास यांत रमणारा हा विद्यार्थी पाहता पाहता क्रांतिकार्याकडे ओढला गेला.

नाशिक हे त्या काळी अभिनव भारत या गुप्त संघटनेचे प्रमुख केंद्र होते. मित्रमेळ्यातून उभ्या राहिलेल्या या संघटनेची सूत्रे गणेश दामोदर उपाख्य बाबाराव सावरकर यांच्याकडे होती. त्यांचे धाकटे बंधू विनायकराव कायद्याच्या अभ्यासासाठी १९०६ मध्ये लंडनला गेले होते आणि इंडिया हाऊस या वसतिगृहातून तेथील भारतीय तरुणांना संघटित करीत होते. जून १९०९ मध्ये राजद्रोही कविता प्रसिद्ध केल्याच्या आरोपावरून बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांना खटल्यासाठी वरच्या न्यायालयाकडे पाठविणारे अधिकारी जॅक्सन होते. काही कवितांसाठी एखाद्या माणसाला जन्माचे काळे पाणी व्हावे, ही गोष्ट नाशिकच्या तरुणांच्या जिव्हारी लागली. सूडाची भावना तेथूनच बळावली.

परंतु सूड घ्यावयाचा तर शस्त्र हवे. १८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्याने भारतीयांना परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची मनाई केली होती. युरोपीय लोकांना मात्र त्या बंधनातून सूट होती. देशात जी रिव्हॉल्व्हरे होती, ती प्रामुख्याने गोऱ्या अधिकाऱ्यांच्या, लष्कराच्या किंवा परवानाधारक धनिकांच्या ताब्यात असत. १८९७ मध्ये पुण्यात रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या चापेकर बंधूंच्या पिढीला हाती लागेल त्या शस्त्रावर भागवावे लागले होते. पुढच्या पिढीपुढे प्रथमच खरी निवड उभी राहिली. चोरीमारीने एखाददुसरे जुने रिव्हॉल्व्हर मिळवायचे की युरोपातून नव्या धर्तीची पिस्तुले मागवायची, असा तो प्रश्न होता.

या दोन शस्त्रांतील फरक समजून घेतल्यावाचून त्या निवडीचे महत्त्व कळत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या एका फिरत्या चक्रात बसविलेल्या असतात. बहुधा पाच किंवा सहा. प्रत्येक वेळी चक्र फिरते आणि पुढची गोळी नळीसमोर येते. रचना साधी आणि भरवशाची. एखादी गोळी उडाली नाही, तरी पुन्हा घोडा ओढला की पुढची गोळी तयार असते. पण ते चक्र फुगीर असल्याने शस्त्र अंगावर लपविणे अवघड जाते. घोडा ओढण्यास जोर अधिक लागतो आणि त्या जोराने नवख्याचा नेम हलतो. अर्धस्वयंचलित पिस्तुलात गोळ्या मुठीतील पेटीत एकावर एक रचलेल्या असतात. एक गोळी उडाली की तिच्याच धक्क्याने रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि पुढची गोळी आपोआप जागेवर येते. घोडा हलका, बांधणी चपटी, गोळ्याही अधिक. दोष इतकाच की काडतूस अडकले तर शस्त्र मध्येच निकामी होते आणि ते मोकळे करण्यासाठी हाताला सराव लागतो.

अमेरिकेतील यूटा प्रांतात १८५५ मध्ये जन्मलेल्या जॉन मोझेस ब्राउनिंग या शस्त्ररचनाकाराने हे तंत्र खिशात मावेल इतक्या लहान पिस्तुलात उतरविले. बेल्जियममधील लिएज शहराजवळच्या हर्स्टल येथील कारखान्यात १९०० च्या सुमारास त्याचे उत्पादन सुरू झाले. ७.६५ मिलिमीटरच्या सात गोळ्या त्याच्या पेटीत बसत. थोड्याच वर्षांत ब्राउनिंग हे नाव युरोपात अशा पिस्तुलांसाठी जणू सर्वसामान्य नाम होऊन बसले. अमेरिकेतील कोल्ट कंपनीची त्या काळची स्वयंचलित पिस्तुलेही त्याच्याच आराखड्यावर बनत. १ जुलै १९०९ रोजी लंडनमध्ये कर्झन वायली यांच्यावर गोळ्या झाडणारे अमृतसरचे मदनलाल धिंग्रा यांनीही कोल्टचे असेच पिस्तूल विकत घेतले होते आणि त्यावर सराव केला होता. म्हणजे एकाच वर्षी पंजाबचा एक तरुण लंडनमध्ये आणि कोकणचा एक तरुण नाशिकमध्ये, एकाच रचनाकाराच्या कल्पनेतून उतरलेले शस्त्र हाती धरून उभा होता.

१९०९ च्या आरंभी विनायकराव सावरकरांनी पॅरिसमध्ये वीस ब्राउनिंग पिस्तुले आणि काडतुसे मिळविली. इंडिया हाऊसमध्ये स्वयंपाकाचे काम करणारे चतुर्भुज अमीन स्वदेशी परतत होते. त्यांच्या पेटीला दुहेरी तळ बसवून त्यात ही पिस्तुले दडविण्यात आली. मार्च १९०९ मध्ये ती मुंबईला उतरली. तत्पूर्वीच, फेब्रुवारीच्या अखेरीस, बाबारावांना अटक झाली होती. तरीही पिस्तुले वाटेत आहेत ही खबर त्यांनी आधीच सहकाऱ्यांपर्यंत पोहोचविली होती. चपट्या बांधणीची ही वीस पिस्तुले एका पेटीच्या तळाशी बसू शकली. तितकीच रिव्हॉल्व्हरे त्या जागेत दडविणे कितीतरी अवघड ठरले असते. नव्या शस्त्राचा पहिला लाभ वाहतुकीतच दिसून आला.

नाशिकच्या मंडळात कृष्णाजी गोपाळ कर्वे हे कायद्याचे विद्यार्थी आणि विनायक नारायण देशपांडे हे शिक्षक पुढाकार घेत होते. जॅक्सन यांना मारण्याची जबाबदारी कान्हेरे यांनी स्वतःहून स्वीकारली. शस्त्राची निवड पॅरिसमध्ये झाली होती, पण पुढे कोणी व्हायचे ही निवड सर्वस्वी त्यांची होती. कार्य होताच विष घेऊन किंवा स्वतःवर गोळी झाडून जीवन संपवावे, म्हणजे पोलिसांना पुढचा माग लागणार नाही, असे ठरले होते. कान्हेरे अयशस्वी झाल्यास देशपांडे आणि तेही अयशस्वी झाल्यास कर्वे पुढे होणार होते. एका माणसाच्या मृत्यूने सारी साखळी तुटावी, अशी ही योजना होती.

जॅक्सन यांची बढतीवर मुंबईला बदली झाली होती. त्यांच्या निरोपाच्या निमित्ताने २१ डिसेंबर रोजी विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीचा शारदा नाटकाचा प्रयोग ठेवण्यात आला. जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार होते. भारतीय इतिहास आणि लोकपरंपरा यांचा त्यांचा व्यासंग मोठा होता. त्यांनी जमविलेल्या लोककथा आणि चालीरीतींच्या टिपणांवरून आर. ई. एन्थोव्हेन यांनी पुढे गुजरात आणि कोकणातील लोकसाहित्याचे खंड सिद्ध केले. नाशिकमध्ये त्यांना मानणारेही अनेक होते. म्हणून या घटनेचे मूल्यमापन करताना एक विद्वान माणूस त्या रात्री मारला गेला, हेही विसरता येत नाही. कान्हेरे यांच्या दृष्टीने मात्र समोर उभी होती ती व्यक्ती नव्हे, परकी सत्ता होती.

जॅक्सन नाट्यगृहात प्रवेश करीत असताना कान्हेरे यांनी त्यांच्यावर लागोपाठ गोळ्या झाडल्या. जमलेल्यांना काही कळण्यापूर्वीच जॅक्सन कोसळले. काही क्षणांत एकामागून एक गोळ्या सुटणे, हे त्या नव्या पिस्तुलाचे वैशिष्ट्य येथे निर्णायक ठरले. परंतु योजनेचा दुसरा भाग साधला नाही. जवळच्या अधिकाऱ्यांनी आणि लोकांनी कान्हेरे यांना घट्ट धरले. स्वतःवर गोळी झाडण्याची किंवा विष घेण्याची संधी त्यांना मिळाली नाही. ते जिवंत पकडले गेले आणि त्यांच्याबरोबर ते पिस्तूलही पोलिसांच्या हाती पडले.

येथेच शस्त्राच्या निवडीची दुसरी बाजू पुढे आली. देशात कोठेही मिळू शकेल असे एखादे जुने रिव्हॉल्व्हर सापडले असते, तर ते कोठून आले हे सांगणे कठीण होते. ब्राउनिंग पिस्तूल मात्र नाशिकच्या बाजारातले नव्हते. ते युरोपातूनच आले असले पाहिजे, हे तपास अधिकाऱ्यांना उघड दिसत होते. एकाच खेपेतील पिस्तुले सदस्यांकडे विखुरलेली असल्याने एक धागा हाती लागताच दुसरा सापडत गेला. चतुर्भुज अमीन माफीचे साक्षीदार झाले. दुहेरी तळाच्या पेटीची हकीकत न्यायालयात उघड झाली आणि नाशिकची वाट इंडिया हाऊसपर्यंत जाऊन पोहोचली.

जॅक्सन वधाच्या खटल्यात सात जणांवर आरोप ठेवण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९१० मध्ये कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशीची शिक्षा सुनावली. १९ एप्रिल १९१० रोजी ठाणे कारागृहात तिघांनाही फासावर चढविण्यात आले. कान्हेरे तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे होते. स्वतंत्र चाललेल्या नाशिक कट खटल्यात ३८ जणांवर आरोप ठेवले गेले आणि २७ जण दोषी ठरले. विनायकराव सावरकरांना १३ मार्च १९१० रोजी लंडनमध्ये अटक झाली होती. कटाच्या खटल्यात डिसेंबर १९१० मध्ये त्यांना पहिली जन्मठेप झाली. पिस्तुले पाठवून जॅक्सन वधास साहाय्य केल्याच्या आरोपाखाली जानेवारी १९११ मध्ये दुसरी जन्मठेप सुनावण्यात आली. दोन्ही मिळून पन्नास वर्षांच्या काळ्या पाण्याची ती शिक्षा होती. यांतील दुसऱ्या शिक्षेचा आधार एका पिस्तुलाचा प्रवास हाच होता.

पुढच्या काळातही क्रांतिकारकांची पसंती अशाच पिस्तुलांकडे राहिली. खेडचे, म्हणजे आजच्या राजगुरुनगरचे, शिवराम हरी राजगुरू आणि भगतसिंग यांनी १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरमध्ये सॉण्डर्स यांच्यावर गोळ्या झाडल्या. भगतसिंगांचे कोल्ट पिस्तूल एप्रिल १९२९ मध्ये केंद्रीय विधिमंडळातील अटकेच्या वेळी पोलिसांकडे गेले आणि पुढे खटल्यात पुरावा म्हणून मांडले गेले. नाशिकप्रमाणे येथेही शस्त्राने काम तडीस नेले आणि नंतर तेच शस्त्र त्याच्या धन्याविरुद्ध उभे राहिले.

शस्त्र जितके नवे आणि दुर्मीळ, तितका त्याचा माग काढणे सोपे, हा धडा नाशिकच्या तरुणांना फार मोठी किंमत देऊन मिळाला. कान्हेरे यांनी सर्व भार आपल्या एकट्याच्या मरणावर घेण्याचे ठरविले होते. त्यांच्या हातातील पिस्तुलाने तो भार अनेकांच्या शिरावर वाटून टाकला. असे असूनही, पकडले गेल्यानंतर फासावर जाईपर्यंतच्या चार महिन्यांत त्यांचा निश्चय ढळला नाही, ही गोष्ट त्यांच्या अल्प चरित्रात सर्वांत उठून दिसते.

फाशीनंतर तिघांचेही पार्थिव नातेवाइकांच्या स्वाधीन करण्यात आले नाही. आज नाशिकमधील विस्तीर्ण क्रीडांगण हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या नावाने ओळखले जाते. ते फासावर गेले त्याच वयाची मुले तेथे रोज सकाळ-संध्याकाळ खेळावयास येतात. कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांची नावे त्यांच्याइतकी सर्वतोमुखी झाली नाहीत. म्हणूनच कान्हेरे यांचे स्मरण करताना त्या दोघांचेही नाव आदराने घेणे हे आपले कर्तव्य आहे. या तिन्ही हुतात्म्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.