योहान हेलविग

योहान क्रिस्टियान लुडविग हेलविग (८ नोव्हेंबर १७४३ – १० ऑक्टोबर १८३१) हे जर्मन गणितज्ञ, कीटकशास्त्रज्ञ आणि शिक्षक होते. बुद्धिबळाच्या पटावर नद्या, डोंगर व दलदल आणणाऱ्या त्यांच्या १७८० मधील युद्धखेळामुळे त्यांचे नाव विशेष ओळखले जाते.

जीवन

हेलविग यांचा जन्म बाल्टिक समुद्रातील ऱ्युगेन बेटावर गार्त्स येथे झाला. हे बेट त्या काळी स्वीडनच्या आधिपत्याखाली होते. पुढील कार्यकाळ त्यांनी ब्रौनश्वाइग येथे घालवला. तेथे ड्यूकच्या दरबारात सेवेस असलेल्या कुलीन मुलांचे ते पालक-शिक्षक होते. नंतर ते कॉलेजियम कॅरोलिनममध्ये प्राध्यापक झाले. त्यांच्या शाळेतील वर्गात बाल गाउसही होता. त्याची पहिलीच वही तपासल्यावर अशा विद्यार्थ्याने आपल्या तासाला बसण्याची गरज नाही, असे हेलविग यांनी कळवले, अशी आठवण गाउसचे चरित्रकार देतात. शिक्षकाचा असा प्रांजळपणा विरळाच. कीटकशास्त्रज्ञ इलिगर हे त्यांचे शिष्य. हेलविग यांचा कीटकसंग्रह पुढे बर्लिनच्या संग्रहालयात गेला.

युद्धखेळ

बुद्धिबळाचा पट दोन्ही खेळाडूंना सारखाच असतो. घरे काळी-पांढरी असली तरी त्यांवरून जाण्याचे मोल सर्वत्र एकच. हेलविग यांनी नेमके हेच बदलले. त्यांच्या पटावर १,६१७ घरे होती आणि घराचा रंग जमिनीचा प्रकार दाखवी. डोंगर ओलांडता येत नसे, दलदलीत गती मंदावे, नदी पार करण्यास पूल बांधणारे पथक लागे. सपाटीवर एका चालीत पायदळ ८, ड्रॅगून स्वार १२ आणि हलके घोडदळ १६ घरांपर्यंत जाई. फाशांना या खेळात स्थान नव्हते.

भूरचना ठरलेली नव्हती, ती खेळाडूंनी स्वतः मांडायची होती. येथेच समतोलाचा अवघड प्रश्न उभा राहतो. ४८ घरांचे मोकळे अंतर पायदळाला ६ चाली, ड्रॅगूनांना ४ आणि हलक्या घोडदळाला ३ चालींचे पडते. मध्ये एका बाजूस डोंगर आला की त्या बाजूच्या घोडदळाला वळसा पडतो आणि दोन्ही सैन्ये संख्येने सारखी असूनही डाव सारखा राहत नाही. म्हणजे पट मांडणाऱ्याने केवळ घरे मोजून भागत नाही. प्रत्येक दलाला लागणाऱ्या चाली मोजाव्या लागतात. पट आरशातल्यासारखा दुहेरी मांडला तर हा दोष जातो, पण मग तो खऱ्या रणभूमीसारखा दिसत नाही, आणि पहिली चाल करणाऱ्याचा लाभ तेवढा उरतोच. सुरुवातीची मांडणी करताना मध्ये पडदा धरून ती प्रतिस्पर्ध्यापासून लपवण्याची मुभा मात्र होती.

प्रभाव

खेळाला चांगला ग्राहक मिळाला. सुधारित आवृत्ती १८०३ मध्ये निघाली. व्हेंटुरिनी यांनी याच धर्तीवर आणखी मोठा पट तयार केला. चौकोनी घरांमुळे नद्या व डोंगर कृत्रिम दिसतात, हा आक्षेप रास्त होता. प्रशियातील राइसविट्झ पिता-पुत्रांनी पुढे घरेच काढून टाकली आणि १८२४ च्या खेळात नकाशा, फासे व पंच आणले. तेथे दोन्ही बाजू समान असण्याची गरजच उरली नाही, कारण अधिकाऱ्यांना विषम प्रसंगांतच शिकवायचे होते. चौकोनी घरे आणि जमिनीनुसार बदलणारी गती हा हेलविग यांचा मेळ आजच्या अनेक संगणकीय डावपेचांच्या खेळांत आढळतो.