तंजावरचे सरफोजीराजे आणि पाश्चात्त्य संगीत

नदीपलीकडच्या कामठीला 1821 पासून लष्कराची छावणी आहे. लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट वाजू लागले की आमच्या वसतिगृहातील मुले खिडक्यांशी गोळा होतात. ही वाद्ये पलटणींबरोबर आपल्याकडे आली, एवढे सर्वांस ठाऊक असते. परंतु त्यांच्यामागील शास्त्र विद्यार्थ्याच्या वृत्तीने शिकणारा एक मराठी राजा दोनशे वर्षांपूर्वी दूर तंजावरास होऊन गेला, हे आपण विसरलो आहोत.

सरफोजी भोसले यांचा जन्म 1777 चा. तुळजाराजांनी 1787 मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि लगेच देह ठेवला. गादी मात्र तुळजाराजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्याकडे गेली. त्यांनी या पोराला वाड्यात कोंडल्यासारखे ठेवले, शिक्षणाची आबाळ केली. श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या खटपटीने सरफोजी 1793 मध्ये मद्रासला गेले आणि परक्या घराच्या देखरेखीखाली शिकले. घरापासून दूर राहून शिकणे म्हणजे काय, हे आमच्या मुलांना निराळे सांगावयास नको.

1798 मध्ये ते गादीवर बसले. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी तह करून राज्यकारभार काढून घेतला. राजांकडे किल्ला, तनखा आणि मोकळा वेळ उरला. तो त्यांनी विद्येस दिला. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढविले, देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला, मोफत शाळा चालविल्या. आणि पाश्चात्त्य वाद्यांचे पथक पदरी बाळगले.

त्या पथकासाठी रेषांवर लिहिलेले संगीत आजही तंजावरच्या संग्रहात आहे. ही रीत युरोपात अकराव्या शतकात ग्वीदो नावाच्या इटालियन साधूने रूढ केली. तिच्यामुळे गुरूला कधी न भेटलेल्या विद्यार्थ्यालाही कागदावरून गाणे उचलता येऊ लागले. निरनिराळे स्वर एकाच वेळी गाणारी माणसे परस्परांशी जुळवून बसविता येऊ लागली. चर्चमधील वृंदगायन, ऑपेरा, मोठे वाद्यवृंद हे सारे याच पायावर उभे राहिले. आपल्याकडे विद्या बहुधा घराण्याच्या कंठात राहिली. घराण्याबाहेरच्याने दारातून कान द्यावा एवढेच. म्हणून आम्हांला या कागदांचे मोल वाद्यांहून अधिक वाटते. बीथोव्हेन राजांहून केवळ सात वर्षांनी वडील. त्याच्या हयातीतच कावेरीकाठी युरोपचे सूर कागदावरून वाजविले जात होते.

सगळेच काही रुजले नाही. अनेक स्वरांची एकत्र गुंफण आपल्या रागपद्धतीत फारशी शिरली नाही. व्हायोलिन मात्र रुजले. मद्रासेकडे बाळुस्वामी दीक्षितांनी ते आत्मसात केले. त्यांचे बंधू मुत्तुस्वामींनी युरोपीय चालींवर संस्कृत पदे रचली. तंजावर दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ वाढले. नृत्यसंगीताचा पेशा पिढ्यान्‌पिढ्या करणारे, पण समाजाच्या वरच्या पंक्तीत न बसविले जाणारे हे घराणे. यांतील वडिवेलु व्हायोलिनवादक म्हणून नावाजले. मांडी घालून बसावे, वाद्याचे टोक पावलाशी टेकवावे, तारा षड्ज-पंचमात जुळवाव्यात, अशी दक्षिणेने या वाद्याची आपली बैठक ठरविली. युरोपचा वादक ते पाहून चकितच होईल!

सरफोजीराजे 7 मार्च 1832 रोजी निवर्तले. त्यानंतर दोन वर्षांनी, 1834 मध्ये, त्रावणकोरचे राजे स्वाती तिरुनाळ यांनी वडिवेलुंना हस्तिदंती व्हायोलिन बक्षीस दिले.