बादशहा, फकीर आणि एक रिकामं शहर

अकबर म्हटलं की आपल्याला बिरबलाच्या गोष्टी आठवतात, नाहीतर ‘मुघल-ए-आझम’मधला पृथ्वीराज कपूर. शाळेच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला फक्त लढाया आणि सनावळ्या येतात. पण मित्रांनो, हाच बादशहा एकदा एका फकिराच्या दारात मुलगा मागायला गेला होता, आणि त्यातून एक अख्खं शहर उभं राहिलं!

अकबराचा जन्म १५४२ मध्ये सिंधमधल्या उमरकोटला झाला. वडील हुमायून तेव्हा राज्य गमावून वणवण फिरत होते. १५५६ मध्ये ते जिन्यावरून पडून वारले आणि अकबर वयाच्या तेराव्या वर्षी गादीवर बसला. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं असं मानतात, पण तो पुस्तकं दुसऱ्यांकडून वाचून घ्यायचा. १५६३ मध्ये त्याने हिंदूंवरचा यात्राकर आणि १५६४ मध्ये जिझिया रद्द केला. याच अकबराने १५६८ मध्ये चितोड घेतल्यावर हजारो माणसांची कत्तल केली आणि मग नवस फेडायला अजमेरला गेला. तो काही संत नव्हता, हे विसरून चालणार नाही.

राज्य वाढत होतं, पण घरात पाळणा हलत नव्हता. झालेली मुलं तान्हेपणीच दगावत होती. आग्र्यापासून जेमतेम ४० किलोमीटरवर सीक्री गावच्या टेकडीवर शेख सलीम चिश्ती हे सूफी संत राहायचे. अकबर त्यांच्याकडे गेला. तुला तीन मुलगे होतील, असा आशीर्वाद त्यांनी दिला म्हणतात. ऑगस्ट १५६९ मध्ये सीक्रीतच मुलगा झाला. शेखांच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं सलीम. पुढच्या वर्षी बादशहा आग्र्याहून अजमेरला ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींच्या दर्ग्याला चक्क पायी गेला. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या वर!

१५७१ पासून सीक्रीला नवी राजधानी बांधायला सुरुवात झाली. गुजरात जिंकल्यावर ती फतेहपूर झाली. दगड त्याच टेकडीतला, लाल वालुकाश्म. सुतार लाकूड जोडतो तसे इथे दगडी खांब आणि तुळया जोडल्या आहेत. पाच मजली पंचमहाल बघा. खालून वर खांब ८४, ५६, २०, १२ आणि ४, म्हणजे एकूण १७६. वर जाताना मजला लहान होतो, भारही कमी होतो. स्ट्रक्चर शिकणाऱ्याने हे एकदा तरी बघायलाच हवं. १५७५ मध्ये इथे इबादतखाना उभा राहिला. पुढे तिथे मुल्ला, ब्राह्मण, जैन, पारशी आणि १५८० मध्ये गोव्याहून आलेले जेझुइट पाद्रीही वाद घालायला बसले.

आणि १५८५ मध्ये अकबर हे शहर सोडून लाहोरला गेला. पाणी संपलं म्हणून, असं गाईड सांगतात. १५८२ मध्ये तलावाचा बांध फुटला होता हे खरं, पण इतिहासकार जास्त भर देतात तो वायव्य सरहद्दीच्या काळजीवर. दरबार गेला आणि शहर ओस पडत गेलं.

नवसाने झालेल्या सलीमने १६०० मध्ये बापाविरुद्ध बंड केलं. १६०२ मध्ये त्याने अकबराचा जिवलग अबुल फझल याला मारवलं. मुराद आणि दानियाल हे दोघे मुलगे दारूपायी बापाच्या आधीच गेले. १६०५ मध्ये अकबर वारला. तो आग्र्याजवळ सिकंदऱ्याला पुरला आहे.

सीक्रीच्या बुलंद दरवाजाची उंची पायऱ्या धरून सुमारे ५४ मीटर. त्यावर दख्खनच्या विजयाचा १६०१ चा लेख आहे, आणि त्याच दरवाजावर जगाच्या क्षणभंगुरतेबद्दल येशूच्या नावावरचं एक वचनही कोरलंय. आत गेलं की चौकात शेख सलीम चिश्तींची छोटीशी पांढरी संगमरवरी कबर दिसते. तिच्या जाळ्यांना लोक आजही दोरे बांधतात. त्यांत हिंदू असतात, मुसलमान असतात, मूल हवं असलेली जोडपी असतात. महाल बघायला लोक तिकीट काढून येतात आणि फोटो काढून जातात. फकिराकडे मात्र अजून कुणी ना कुणी काहीतरी मागायला येतं. साडेचारशे वर्षांपूर्वी बादशहा आला होता, तसंच.