संत ऑगस्टीन : स्तोत्रांच्या सोबतीने घडलेले जीवन

दर रविवारी पवित्र मिस्सामध्ये पहिल्या वाचनानंतर आपण प्रतिसाद स्तोत्र गातो. ओठ ध्रुवपद म्हणत असतात आणि मन मात्र प्रपंचाच्या विवंचनेत गुंतलेले असते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. गाताना मन कोठे असते, हा प्रश्न सोळाशे वर्षांपूर्वी एका थोर बिशपांनाही अस्वस्थ करीत होता. २८ ऑगस्ट रोजी ज्यांचा सण आपण साजरा करतो, ते हे संत ऑगस्टीन.

त्यांचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी उत्तर आफ्रिकेतील तागास्ते या गावी झाला. हे गाव आज अल्जेरिया देशात आहे. मातोश्री संत मोनिका श्रद्धावान होत्या; पुत्र मात्र मानी पंथाच्या नादी लागून सुमारे नऊ वर्षे भरकटला. वक्तृत्वशास्त्राचे शिक्षक म्हणून ३८४ साली ते मिलान नगरीत आले. तेथे संत अँब्रोज बिशप होते.

३८६ साली बालसम्राटाची माता जस्टिना हिने एरियन पंथीयांसाठी एका चर्चची मागणी केली. अँब्रोज यांनी ती नाकारली. भाविक आपल्या बिशपांसह चर्चमध्येच ठाण मांडून बसले. त्यांत मोनिकाही होत्या. लोकांचे धैर्य खचू नये म्हणून पूर्वेकडील ख्रिस्तसभेच्या प्रथेप्रमाणे सर्वांनी मिळून स्तोत्रे व भक्तिगीते गाण्यास तेथे आरंभ झाला. पुढे ही प्रथा दूरवर पसरली.

त्याच वर्षी ऑगस्टीन यांचे मनपरिवर्तन झाले. नोकरी सोडून ते काही काळ कासिसियाकुम येथे राहिले. तेथे चौथे स्तोत्र वाचताना आपल्याच जखमेवर कोणी औषध लावीत आहे, असे त्यांना वाटले. ३८७ च्या पास्काच्या रात्री अँब्रोज यांच्या हस्ते त्यांचा स्नानसंस्कार झाला. त्या दिवसांत उपासनेतील गायन ऐकताना त्यांना अश्रू आवरत नसत. त्याच वर्षी ओस्तिया येथे मोनिका निवर्तल्या, तेव्हा मित्र एवोदियुस यांनी स्तोत्र गाण्यास सुरुवात केली आणि सर्व घराने त्यास प्रतिसाद दिला.

३९१ साली ऑगस्टीन हिप्पो येथे धर्मगुरू झाले व काही वर्षांनी तेथील बिशप. आता त्यांच्या मनात शंका उभी राहिली. आपल्याला प्रभूचा शब्द भावतो की केवळ सूर? संत अथनासियुस स्तोत्र जवळजवळ बोलल्यासारखे म्हणावयास लावीत, हे त्यांना ठाऊक होते. तरीही स्वतःचे अश्रू आठवून त्यांनी गायनाच्या बाजूने कौल दिला. दुर्बल मनाला सूर भक्तीकडे नेतो; मात्र शब्दांपेक्षा सूरच अधिक मोहवू लागला, तर तो आपला दोष, असे ते मानीत.

पुढे अनेक वर्षे खपून त्यांनी दीडशेही स्तोत्रांवर विवेचन केले. त्यातील बराच भाग सामान्य भाविकांपुढे केलेली प्रवचने आहेत. त्यांचे सूत्र साधे होते. ख्रिस्त मस्तक आणि ख्रिस्तसभा त्याचे शरीर. म्हणून स्तोत्रांत ख्रिस्त आपल्यासाठी, आपल्यासह आणि आपल्या मुखाने बोलतो. क्रुसावरून त्याने उच्चारलेल्या बाविसाव्या स्तोत्राच्या आक्रोशात ऑगस्टीन यांना आपणा सर्वांचेच दुःख ऐकू आले. त्यामुळे स्तोत्रातील विलाप वा आनंद कोणा परक्याचा राहत नाही.

४३० साली वंडाल सैन्याने हिप्पोला वेढा दिला असता ऑगस्टीन अंथरुणास खिळले. त्यांनी पश्चात्तापाची स्तोत्रे लिहून घेऊन समोरच्या भिंतीवर लावावयास सांगितली. शेवटचे सुमारे दहा दिवस, वैद्यांच्या भेटीची व जेवणाची वेळ वगळता, कोणी आत येऊ नये अशी विनंती करून ते ती वाचीत व रडत राहिले. २८ ऑगस्ट रोजी त्यांनी देह ठेवला. त्या खोलीत आता मोहविणारा सूर नव्हता; होते केवळ स्तोत्राचे शब्द आणि देवापुढे उघडे झालेले अंतःकरण.

येत्या रविवारी प्रतिसाद स्तोत्र सुरू होईल, तेव्हा त्यातील एक तरी ओळ आपण स्वतःची प्रार्थना म्हणून गाऊ या.