खोट दाखवून कापड विकणारे इमाम

रमजानचे वीस-बावीस रोजे झाले की आपल्या गावांतल्या कापडपेठा रात्री उशिरापर्यंत जाग्या असतात. तरावीहची नमाज आटोपून माणसे ईदचे कपडे घ्यायला निघतात. दुकानदार एकामागून एक ताके उलगडून दाखवतो. भावाची घासाघीस सुरू झाली की दुकानदार कोणत्या धर्माचा आणि गिऱ्हाईक कोणत्या धर्माचे, हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही. रोजा खरा आहे की नाही, हे फक्त रोजेदाराला आणि अल्लाहला ठाऊक असते. ताक्याच्या आतल्या घडीत कुठे धागा सुटला आहे, हेही बहुधा दुकानदारालाच ठाऊक असते. या दुसऱ्या गोष्टीला पहिल्याइतकेच महत्त्व देणारा एक कापड व्यापारी साडेबाराशे वर्षांपूर्वी इराकमधल्या कुफा शहरात होऊन गेला. त्यांचे नाव नोमान बिन साबित. जग त्यांना इमाम अबू हनीफा म्हणून ओळखते.

मुस्लिमेतर वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. सुन्नी मुसलमानांत फिक्हचे, म्हणजे धार्मिक कायद्याचे, चार संप्रदाय आहेत. त्यांपैकी हनफी संप्रदाय अबू हनीफांच्या नावाने चालतो. भारतातले बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत. आपल्याकडे कोकणी मुसलमान मात्र मुख्यतः शाफई. त्यामुळे मुंबई-रत्नागिरीकडच्या एकाच मशिदीत शेजारी उभ्या असलेल्या दोघांची नमाजची पद्धत थोडी निराळी दिसते, आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही.

अबू हनीफांचा जन्म हिजरी सन 80 चा, म्हणजे इसवी सन 699 चा. घराणे अरब नव्हते. आजोबांचे मूळ काबूलकडचे मानले जाते. घरचा धंदा कापडाचा होता आणि कुफ्याच्या बाजारात त्यांचे दुकान होते. तरुणपणी ते त्या धंद्यातच रमले होते. शाबी नावाच्या एका वृद्ध विद्वानांनी त्यांना येता-जाता पाहिले आणि या मुलाने बाजाराबरोबर आलिमांच्या बैठकीतही बसावे, असे सुचवले. ते त्यांच्या मनाला लागले. पुढे हम्माद नावाच्या गुरूंकडे ते अठरा वर्षे राहिले. मधे एकदा त्यांना स्वतःची वेगळी बैठक सुरू करावीशी वाटली होती. नेमके त्याच सुमारास गुरूंना कामासाठी बसऱ्याला जावे लागले आणि त्यांच्या जागी हे बसले. दोन महिन्यांत साठ नवे प्रश्न आले. त्यांनी उत्तरे दिली आणि ती लिहूनही ठेवली. गुरू परतल्यावर त्यांना ती दाखवली, तेव्हा त्यांतली चाळीस त्यांना पटली, वीस पटली नाहीत. त्या वीस उत्तरांनी तरुण नोमान यांचा निश्चय बदलला, आणि हम्माद हयात असेपर्यंत ते त्यांना सोडून गेले नाहीत. हम्माद 738 च्या सुमारास वारले, तेव्हा शिष्यांनी त्यांची गादी अबू हनीफांकडे सोपवली.

गादी मिळाली तरी दुकान बंद झाले नाही. मला त्यांच्या चरित्रात हीच गोष्ट फार मोलाची वाटते. त्यांच्याविषयीच्या जुन्या ग्रंथांत रात्रभर चाललेल्या इबादतीची आणि कुराणाच्या अगणित पारायणांची वर्णने भरपूर आहेत. रमजानच्या एका महिन्यात त्यांनी किती पारायणे केली, याचे आकडे तर थक्क करतात. ते आकडे ज्याचे त्याने मानावेत. पण त्याच ग्रंथांत दुकानातल्या ज्या हकिकती येतात, त्या वाचताना माणूस समोर उभा राहतो.

एक बाई रेशमी वस्त्र विकायला आली आणि तिने शंभर दिरहम मागितले. वस्त्र त्याहून अधिक मोलाचे आहे, असे अबू हनीफांनीच तिला सांगितले. तिने शंभर वाढवले, तरी ते कमीच आहे म्हणाले. असे करत भाव चारशेवर गेला, तेव्हा आपली थट्टा चालली आहे असे तिला वाटले. शेवटी त्यांनी किंमत ठरवायला बाहेरच्या जाणकाराला बोलावले आणि ते वस्त्र पाचशेला घेतले. दुसऱ्या एका म्हातारीने आपल्या गरिबीची आठवण देऊन मुद्दलीच्या भावात कापड मागितले, तर त्यांनी फक्त चार दिरहम सांगितले. तिलाही चेष्टा वाटली. पण हिशेब साधा होता. त्यांनी दोन कापडे एकत्र घेतली होती आणि एक विकूनच सगळे मुद्दल, चार दिरहम वगळता, वसूल झाले होते.

सगळ्यांत प्रसिद्ध हकिकत त्यांच्या भागीदाराची आहे. हफ्स नावाच्या या भागीदाराकडे त्यांनी विक्रीसाठी माल पाठवला. त्यातल्या एका कापडात खोट होती. गिऱ्हाइकाला ती दाखवूनच विकायचे, असे त्यांनी बजावून सांगितले होते. हफ्स विसरला. माल विकला गेला, गिऱ्हाईक कोण होते तेही आठवेना. अबू हनीफांना हे कळले तेव्हा त्यांनी त्या एका कापडाची किंमत वेगळी काढली नाही, त्या संपूर्ण मालाचे पैसे खैरात करून टाकले. धंद्यातल्या माणसाला यातली अडचण लगेच कळेल. खोटीचे पैसे एकदा गल्ल्यात पडले की कोणते नाणे कुठले, हे पुन्हा निवडता येत नाही.

उधारीच्या बाबतीतही ते असेच काटेकोर होते. ज्याच्याकडून येणे आहे त्याच्या भिंतीच्या सावलीत ते उन्हाळ्यातही उभे राहत नसत, असे सांगतात. कर्जावर मिळालेला कोणताही फायदा म्हणजे व्याजच, आणि सावली हाही फायदाच, असा त्यांचा हिशेब होता. एकदा एक जण त्यांना पाहताच रस्ता बदलून जाऊ लागला. त्यांनी हाक मारून विचारले, तर दहा हजार दिरहमांचे देणे थकल्यामुळे त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती. अबू हनीफांनी सगळी रक्कम सोडून दिली आणि आपल्यामुळे त्याच्या मनावर जे ओझे राहिले होते त्याबद्दल उलट त्याचीच माफी मागितली.

शेजारी एक मोची राहत असे. दिवसभर काम करायचा, रात्री दारू पिऊन मोठमोठ्याने गायचा. इकडे इमामांची नमाज चाललेली, तिकडे त्याचे गाणे. एका रात्री गाणे ऐकू आले नाही. चौकशी केली, तर पहारेकऱ्यांनी त्याला धरून नेले होते. सकाळी अबू हनीफा स्वतः खेचरावर बसून सुभेदाराकडे गेले आणि त्याला सोडवून आणले. त्याच्याबरोबर त्या रात्री पकडलेले इतरही सुटले. मोच्याने पुढे दारू सोडली, असे हकिकतीत येते. सोडली नसती तरी इमाम गेलेच असते, असे मला वाटते.

अबू युसूफ हा त्यांचा सर्वांत नामांकित शिष्य. घरची स्थिती बेताची. घरच्यांचा आग्रह होता की मुलाने शिकण्यापेक्षा चार पैसे मिळवावेत, म्हणून तो बैठकीला येईनासा झाला. गुरूंनी कारण विचारले आणि जाताना त्याच्या हाती शंभर दिरहमांची थैली ठेवली. पुढे थैली रिकामी होत आली की न सांगता दुसरी मिळत गेली. हा पैसा त्या दुकानातूनच येत होता. दरबाराकडून काही घ्यावे लागत नव्हते, म्हणून दरबाराला नाही म्हणता येत होते.

तशी वेळ दोनदा आली. पहिल्यांदा उमय्या राजवटीच्या अखेरच्या वर्षांत. इराकचा सुभेदार इब्न हुबैरा याने त्यांना सरकारी पद देऊ केले. मोहोर त्यांच्या हाती राहील आणि त्यांच्याशिवाय कोणताही हुकूम निघणार नाही, अशी ती मोठेपणाची जागा होती. पण हुकूम सुभेदाराचा, मोहोर इमामांची. न्याय्य नसलेल्या शिक्षेखाली आपली मोहोर उमटवायला ते तयार झाले नाहीत. त्यांना रोज फटके मारण्यात आले. एकूण एकशे दहा, असे जुने चरित्रकार लिहितात. सुटका झाल्यावर ते मक्केला निघून गेले.

750 मध्ये अब्बासी सत्तेवर आले. खलिफा मन्सूरने 762 मध्ये बगदाद वसवायला घेतले आणि नव्या राजधानीत काझी म्हणून बसण्यासाठी अबू हनीफांना बोलावले. त्यांनी आपण या पदाला लायक नसल्याचे सांगितले. खलिफाने त्यांना खोटारडे ठरवले. त्यावर ते म्हणाले की मग तर खलिफांनीच निकाल दिला, कारण खोटे बोलणारा काझी होऊच शकत नाही. दरबारातली ही हजरजबाबी नोकझोक उर्दू व्याख्यानांत मोठ्या चवीने सांगितली जाते. तिच्यामागचा पेच मात्र गंभीर होता. खलिफा, त्याचे शहजादे आणि सरदार यांच्याविरुद्धही जो निकाल देऊ शकेल, तोच काझी व्हावा, असे ते मानत. मन्सूरच्या दरबारात ते शक्य नाही, हे त्यांना दिसत होते. त्या पदात खोट होती आणि ती लपवून आपल्या नावाने लोकांच्या गळ्यात मारायची नव्हती.

मन्सूरने त्यांना तुरुंगात टाकले. 767 मध्ये, बहुतेक चरित्रकारांच्या मते कैदेतच, त्यांचा मृत्यू झाला.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या पदासाठी गुरूंनी कैद पत्करली, ते शिष्य अबू युसूफ यांनी पुढे स्वीकारले. हारून अल-रशीदच्या काळात ते मुख्य काझी झाले. गुरूंचा मार्ग सोडला म्हणून त्यांना बोल लावणे सोपे आहे, मला ते पटत नाही. याच अबू युसूफ यांनी खलिफासाठी जमीन महसुलावर ग्रंथ लिहिला आणि वसुलीच्या नावाखाली रयतेवर जुलूम होऊ नये, हे त्यात खलिफाला स्पष्ट बजावले. हनफी कायदा दूरवर पोहोचला, त्यातही या शिष्याच्या पदाचा वाटा मोठा आहे. स्वतः अबू हनीफांनी शिष्यांवर आपले मत कधी लादले नव्हते. आजचे मत आपण उद्या बदलू शकतो, तेव्हा सगळेच लिहून घेऊ नका, असे ते अबू युसूफ यांना सांगत.

त्यांच्या जनाजाला इतके लोक लोटले की नमाज अनेक वेळा पढावी लागली. दफन बगदादच्या खैजुरान कब्रस्तानात झाले. त्यांच्या कबरीभोवतीची वस्ती आज आझमिया म्हणून ओळखली जाते. इमामे आझम या त्यांच्या उपाधीवरून हे नाव पडले. ही जागा त्यांनी स्वतः सांगून ठेवली होती, असे म्हणतात. आपल्याला बळकावलेल्या जमिनीत पुरू नये, एवढीच त्यांची इच्छा होती आणि राजधानीसाठी बरीच जमीन लोकांकडून जबरदस्तीने घेतली गेली आहे, असे त्यांचे मत होते. खैजुरानची जमीन त्यातली नव्हती. हे कळल्यावर खलिफा मन्सूर उद्गारला म्हणे की हा माणूस जिवंतपणी सुटू देत नव्हता आणि मेल्यावरही देत नाही.