बाबासाहेबांचा मधुमेह आणि आपल्या वस्तीतली सिस्टर

महाडचं तळं, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, संविधान, दीक्षाभूमी. बाबासाहेबांच्या आयुष्यातले हे टप्पे आपल्या वस्तीतल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. एक गोष्ट मात्र भाषणात एका वाक्यात उरकली जाते: शेवटच्या काळात त्यांची प्रकृती खालावली होती. म्हणजे नेमकं काय झालं होतं? वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला हा प्रश्न सतत भेडसावतो. कारण त्यांना जे आजार होते, तेच आज आपल्या घराघरांत आहेत.

14 एप्रिल 1891 रोजी महू इथे जन्मलेल्या भीमरावांनी शरीराचे लाड कधी केलेच नाहीत. 1920 ते 1923 या काळात लंडनमध्ये शिकताना ते अर्धपोटी राहत, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसत आणि रात्री उशिरापर्यंत जागत. घरी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरं एकामागून एक गेली. 27 मे 1935 रोजी रमाई गेल्या. दुःख, जागरण आणि कामाचा ताण यांची नोंद कुठल्या केसपेपरवर होत नाही, पण शरीर ते सगळं सोसत असतं.

दुसऱ्यांच्या आरोग्याकडे मात्र त्यांचं बारीक लक्ष होतं. 1928 साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी कामगार बायांना बाळंतपणाची भरपगारी सुट्टी मिळावी म्हणून बाजू मांडली. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूर खात्याचे मंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा अभ्यास करण्याचं काम त्यांच्याच खात्याने प्रा. अडारकर यांच्याकडे सोपवलं. त्यातूनच पुढे 1948 चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. आज गिरणीतला, कारखान्यातला माणूस ईएसआयच्या दवाखान्यात जातो, त्याची मुळं तिथे आहेत.

याच चाळिशीच्या दशकात बाबासाहेबांना मधुमेहाने घेरलं. सोबत रक्तदाब होता. पायांतल्या नसा दुखत, रात्ररात्र झोप लागत नसे. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. पाय जळजळतात, बधिर होतात, नजर अधू होते, मूत्रपिंड थकतं. त्यात रक्तदाब जास्त असेल तर हृदय आणि मेंदूवरचा धोका आणखी वाढतो. अशा अवस्थेत 29 ऑगस्ट 1947 रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले.

मुंबईत डॉ. मालवणकर यांच्याकडे उपचार घेत असताना त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख वाढली. रमाईंनंतर लग्न करायचं नाही, असं बाबासाहेबांनी ठरवलं होतं. पण आता घरात चोवीस तास काळजी घेणारं माणूस हवं होतं. परकी नर्स ठेवली तर लोक नावं ठेवतील, ही अडचण त्यांनी दादासाहेब गायकवाडांना पत्रातून मोकळेपणाने कळवली. शिकलेली, वैद्यकी जाणणारी आणि स्वयंपाक येणारी जोडीदार त्यांना हवी होती. 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत लग्न झालं आणि डॉ. शारदा सविता आंबेडकर झाल्या. इन्सुलिन, पथ्याचं जेवण, औषधांच्या वेळा, विश्रांती हे सगळं माईसाहेबांच्या हाती आलं. आजच्या भाषेत सांगायचं तर ही घरच्या घरी चाललेली परिचर्याच होती.

तेव्हा साधनं काय होती, हेही पाहायला हवं. बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर सांगणारं यंत्र नव्हतं. लघवी निळ्या द्रावणात उकळायची आणि बदललेल्या रंगावरून अंदाज बांधायचा. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी नव्हती. रक्तदाबावर आज सर्रास मिळणाऱ्या गोळ्या नव्हत्या. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्याच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये जगापुढे मांडलं.

या शरीराने बाबासाहेबांनी संविधान पूर्ण केलं. 10 ऑगस्ट 1951 रोजी त्यांनी नेहरूंना पत्र लिहून आपली प्रकृती काळजी करण्यासारखी असल्याचं कळवलं. डॉक्टरांच्या हाती स्वतःला सोपवण्याआधी हिंदू कोड बिल मार्गी लागावं, अशी त्यांची इच्छा होती. ते झालं नाही आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षांत नजर मंदावली, काठीचा आणि माणसाचा आधार घेऊन चालावं लागलं. तरीही 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात आणि 16 ऑक्टोबरला चंद्रपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला. नोव्हेंबरमध्ये ते काठमांडूच्या बौद्ध परिषदेला गेले. 5 डिसेंबरच्या रात्रीही बुद्ध आणि धम्मावरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांच्याजवळ होते. 6 डिसेंबरला पहाटे 26, अलीपूर रोडवरच्या घरी झोपेतच त्यांचं महापरिनिर्वाण झालं. वय 65.

त्यानंतर संशयाचं वादळ उठलं. बोटं माईसाहेबांकडे वळली. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष निघाला, तरी कुजबुज थांबली नाही. आमचं स्पष्ट मत आहे की या संशयाने समाजाचं दुहेरी नुकसान केलं. ज्या बाईने आठ वर्षं सेवा केली तिच्यावर अन्याय झाला. आणि मधुमेह व रक्तदाब माणसाला किती आतून पोखरतात, हा धडा आपण शिकलोच नाही.

आज तो धडा शिकायला दूर जावं लागत नाही. गावातलं उपकेंद्र, म्हणजे आताचं आयुष्मान आरोग्य मंदिर, आणि शहरातला पालिकेचा दवाखाना इथे सिस्टर बसलेली असते. आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरते: तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि बाईची 80 च्या वर गेली तर सावध व्हायचं. सिस्टर बीपी मोजते, बोटाला सुई टोचून साखर पाहते. बीपी पुन्हापुन्हा 140/90 किंवा त्याहून जास्त भरलं, किंवा प्रयोगशाळेत उपाशीपोटी साखर 126 वा त्याहून जास्त आली, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं.

सिस्टरचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. बरं वाटू लागलं की माणूस गोळी सोडतो. तिला त्याला पुन्हा बोलवावं लागतं, गोळी का सोडली ते न रागावता विचारावं लागतं, पायाला जखम किंवा बधिरपणा आहे का ते बघावं लागतं. मधुमेह असलेल्याला हृदयविकाराचा झटका आला तरी कधी कधी छातीत दुखत नाही. नुसता घाम, धाप आणि थकवा. हे घरच्यांना सांगणारीही तीच. एका सिस्टरच्या माथी एवढी गावं आणि एवढे कागद असतील तर हे काम होणार कसं? म्हणून रिकाम्या जागा भरण्याची मागणी आपल्या निवेदनांत यायला हवी.

तरुण मित्रांनो, रोजंदारीवर जाणारा बाप दुपारच्या ओपीडीला पोहोचू शकत नाही. रविवारी वंदना झाल्यावर विहारात तपासणी ठेवा, जवळच्या सिस्टरला आणि आशाताईला सन्मानाने बोलवा. ज्यांचं बीपी-शुगर जास्त निघेल त्यांची यादी करा आणि पुढच्या महिन्यात गोळी चालू आहे का ते घरी जाऊन विचारा. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग बीपीच्या यंत्रासाठी आणि साखर तपासायच्या पट्ट्यांसाठी ठेवा. बाबासाहेबांना जी साधनं मिळाली नाहीत ती आपल्या आईबापाच्या दारात आहेत. ती वापरली गेली नाहीत, तर दोष नशिबाला देता येणार नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.