आजारातही जगणे सुरेल: पं. कुमार गंधर्व



देवासची टेकडी आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्या पायथ्याशी ‘भानुकुल’ नावाचे घर आहे. तेथे पं. कुमार गंधर्व राहत असत.

त्यांचे मूळ नाव शिवपुत्र कोमकली. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळच्या सुळेभावी गावी. लहानपणीच त्यांच्या गाण्याने मोठमोठे लोक थक्क झाले. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे ते शिकले. १९४७ मध्ये भानुमतीताईंशी विवाह झाला आणि लवकरच क्षयरोगाने गाठले. कोरड्या हवेसाठी १९४८ मध्ये ते देवासला आले. डॉक्टरांनी गाणे बंद करविले. ज्याचा श्वासच गाणे, त्याला ही केवढी शिक्षा!

सुमारे पाच वर्षे अंथरुणावर गेली. भानुमतीताईंनी सेवा केली आणि शाळेत शिकवून घरही चालविले. त्या काळी नुकत्याच आलेल्या स्ट्रेप्टोमायसिन औषधाने गुण आला, पण एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झाले.

मात्र या काळात कान बंद नव्हते. माळव्यातील बायकांची लग्नगीते, ऋतूंची गाणी, जोगी लोकांची निर्गुणी भजने ते ऐकत राहिले. त्यातूनच पुढे नवे राग आणि ‘गीत वर्षा’सारखे कार्यक्रम जन्मले. १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले. १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ हा बंदिशींचा ग्रंथ आला. १९९० मध्ये पद्मविभूषण मिळाले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांचे निधन झाले.

आज क्षयरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. परंतु मल्टिपल स्क्लेरोसिससारखे मज्जासंस्थेचे काही आजार औषधांनी आटोक्यात राहतात, पूर्ण जात नाहीत. अशा रुग्णाला थकवा येतो, कधी चालणे कठीण होते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते दिसतही नाही. त्याचे जीवन चांगले जावे यासाठी औषध हवेच. पण सोबत, आवडीचे काम आणि मानही हवा. कुमारजींना हे घरातून आणि देवासच्या माणसांकडून मिळाले.

म्हणून मुलांनो, वर्गात कोणी वारंवार आजारी पडत असेल तर त्याला चिडवू नका, वही पोहोचवा. पालकांनी मुलाचा आजार शाळेपासून लपवू नये. आणि विश्वस्त मंडळींना विनंती, की जिना चढू न शकणाऱ्या मुलाचा वर्ग तळमजल्यावर भरावा. एवढे तर आपण करूच शकतो.

– प्राचार्य